रात्री नऊ वाजता टीव्हीवर चक्र फिरतं: बडोद्यातल्या घरांसाठी तपासणीचा क्रम

तक्रार बहुतेक घरांत सारखीच असते. दुपारी टीव्हीवर सगळं नीट चालतं. रात्री साडेआठ-नऊनंतर मालिका लावली की आधी चित्र पुसट होतं, मग थांबतं आणि मधोमध चक्र फिरायला लागतं. फोनवर स्पीड टेस्ट घेतली तर आकडा ९० एमबीपीएसच्या (सेकंदाला मेगाबिट) वर येतो. कंपनीला कळवलं की दुसऱ्या दिवशी दुपारी लाइनमन येतो, राउटर बंद करून चालू करतो, "हवे बराबर छे" (आता ठीक आहे) म्हणतो आणि जातो. दोन दिवस खरंच बरं चालतं. तिसऱ्या रात्री पुन्हा तेच.

लाइनमन खरं बोलत असतो आणि फोनवरचा आकडाही खरा असतो. पण तो आकडा फोनचा आहे, राउटरपासून पाच-सहा फुटांवर घेतलेला. मधल्या खोलीतल्या टीव्हीला रात्री नऊ वाजता काय मिळतंय, ते त्यातून कळत नाही. म्हणून मोजायचं ते टीव्हीवरच, आणि अडकतं त्याच वेळी. मग टीव्हीपासून मागे-मागे जायचं: वाय-फाय, राउटर, घरात येणारी फायबर, गल्लीतली लाइन. एका वेळी एकच गोष्ट बदला. चार बदल एकदम केले आणि चित्र सुरळीत झालं, तर नेमकं कशामुळे झालं ते कळत नाही आणि महिन्याभराने पुन्हा बिघडलं की पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

राउटर बंद-चालू केल्यावर दोन दिवस का बरं चालतं, तेही इथेच सांगायला हवं, कारण बहुतेक वेळा खरं कारण त्यातच सापडतं. वाय-फायचा चॅनेल, म्हणजे हवेतली राउटरची वाट, 'ऑटो'वर असलेला राउटर सुरू होताना आजूबाजूची हवा ऐकतो आणि त्या घडीला जो चॅनेल मोकळा दिसेल तो धरतो. लाइनमन दुपारी बारा-एकला येतो. तेव्हा शेजारपाजारचे लोक कामावर असतात आणि हवा मोकळी असते. रात्री सगळे घरी येतात, सगळ्यांचे फोन आणि टीव्ही चालू होतात आणि दुपारी मोकळा दिसलेला चॅनेल भरून जातो. बरेच राउटर एकदा धरलेला चॅनेल सहसा सोडत नाहीत. शिवाय बंद-चालू केल्यावर टीव्ही नव्याने जोडला जातो आणि कधी नशिबाने राउटरच्या दोन पट्ट्यांपैकी वेगवान अशा ५ गिगाहर्ट्झवर जातो. पुढे कधीतरी क्षणभर सिग्नल पडला की तो दुसऱ्या, २.४ गिगाहर्ट्झच्या पट्टीवर येतो आणि तिथेच राहतो.

आधी टीव्हीला विचारा

किती वेग लागतो ते पाहू. नेटफ्लिक्सच्या शिफारशीप्रमाणे ७२० च्या चित्राला ३ एमबीपीएस, १०८० ला ५ आणि फोर-केला १५ एमबीपीएस पुरतात. म्हणजे ३० किंवा ४० चा साधा प्लॅनसुद्धा एक टीव्ही आणि घरातले फोन सहज सांभाळतो. १०० वरून २०० च्या प्लॅनवर गेल्याने हे चक्र थांबत नाही. त्या पैशात वायर आणून टाकलेली बरी. कशी टाकायची ते पुढे येईलच.

टीव्हीवर यूट्यूब उघडा आणि निदान दहा मिनिटांचा, १०८० किंवा त्याहून वरचा व्हिडिओ लावा. रिमोटने खालची पट्टी आणून सेटिंगच्या दातेरी चाकाच्या चिन्हात 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' निवडा. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांचा चौकोन येतो. त्यातल्या तीनच ओळी पाहायच्या. 'कनेक्शन स्पीड' केबीपीएसमध्ये असतो, म्हणजे १५००० दिसलं तर ते १५ एमबीपीएस. 'बफर हेल्थ' म्हणजे पुढच्या किती सेकंदांचा व्हिडिओ टीव्हीने आधीच आणून ठेवला आहे. आणि 'फ्रेम्स'च्या ओळीत 'ड्रॉप्ड' म्हणजे किती चित्रं दाखवायची राहून गेली.

बफर हेल्थ समजायला बडोदेकरांना गच्चीवरची टाकी पुरेशी आहे. आजव्याचं पाणी ठरलेल्या वेळी येतं, टाकीत साठतं आणि दिवसभर नळाला येत राहतं. वरून येणारी धार मधे बारीक झाली तरी टाकीत पाणी आहे तोवर नळ चालतो. व्हिडिओचंही तसंच. ॲप काही सेकंदांचे तुकडे आधी आणून साठवतं. धार बारीक झाली की ते पुढचे तुकडे कमी दर्जाचे मागवतं, म्हणून चित्र आधी पुसट होतं. तरीही आवक पुरेना तर टाकी रिकामी होते आणि चक्र फिरतं. क्रिकेटचा सामना थेट चालू असताना टाकी मुळातच लहान असते, कारण अजून न घडलेला चेंडू साठवता येत नाही. त्यामुळे तोच दोष सामन्यात आधी जाणवतो आणि मालिकेत उशिरा.

आता रात्री नऊ वाजता, अडकतं तेव्हाच, हा चौकोन पाच मिनिटं बघा. बफर हेल्थ ३०-४० वरून उतरत शून्याकडे येत असेल तर दोष आवकेचा, म्हणजे नेटचा किंवा वाय-फायचा. बफर हेल्थ भरलेला, पण ड्रॉप्डचा आकडा भराभर वाढतोय आणि चित्र झटके देतंय, तर टीव्हीचा प्रोसेसर दमतोय आणि नेटचा काही संबंध नाही. यूट्यूब अगदी सुरळीत, पण एकच ॲप अडतं, तर त्या ॲपकडे पाहायचं. या तीन वाटा पहिल्या पाच मिनिटांतच वेगळ्या होतात. ही एक पायरी गाळली की पुढची सगळी खटपट अंधारात होते.

एक वायर, एक रात्र

दोष आवकेचा असेल तर पुढची परीक्षा वायरची. दुकानातून १५ किंवा २० मीटरची तयार कॅट-६ लॅन केबल आणा. राउटरच्या पिवळ्या किंवा लॅन १ लिहिलेल्या खाचेत एक टोक, टीव्हीच्या मागच्या लॅन खाचेत दुसरं. वायर जमिनीवरून, दारातून, कशीही न्या. एका रात्रीचा प्रश्न आहे. टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये वाय-फाय बंद करा, नाहीतर काही टीव्ही वायर जोडूनही वाय-फायच धरून बसतात. मग त्याच वेळी, त्याच व्हिडिओवर पुन्हा आकडे पाहा.

वायरवर सुरळीत चाललं तर दोष घरातल्या वाय-फायचा आहे आणि कंपनीला फोन करून उपयोग नाही. वायरवरही अडकलं तर वाय-फाय निर्दोष, मागे जायचं.

बहुतेक टीव्हींची लॅन खाच १०० एमबीपीएसचीच असते, त्यामुळे ३०० चा प्लॅन असूनही टीव्हीवर ९३-९४ दिसेल. तो दोष नाही, फोर-केला १५ लागतात. काठी (टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत लावायची स्ट्रीमिंग स्टिक) टीव्हीत लावून पाहत असाल तर तिच्यासाठी वेगळा लॅन अडॅप्टर मिळतो. तो नसेल तर ही परीक्षा टीव्हीच्या स्वतःच्या यूट्यूबवर घ्या.

वायर घरात नसेल तर थोडी कच्ची पण चालणारी परीक्षा लॅपटॉपवर होते. लॅपटॉप टीव्हीच्या अगदी शेजारी ठेवा, वाय-फायवर जोडा आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये राउटरला पिंग करा, म्हणजे ping आणि पुढे राउटरचा पत्ता लिहून त्याला छोटा निरोप पाठवा. राउटरचा पत्ता त्याच्या खालच्या चिठ्ठीवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. उत्तर २ ते १० मिलिसेकंदांत यायला हवं. रात्री तेच १५०-३०० वर उड्या मारत असेल, किंवा मधेच उत्तर येत नसेल, तर गोंधळ राउटर आणि टीव्ही यांच्यामधल्या हवेतच आहे, कारण हा निरोप घराबाहेर गेलेलाच नाही.

वाडा, टेनामेंट आणि फ्लॅट

वाय-फायचा दोष असेल तर घर कसं आहे ते आधी बघायचं.

दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या जुन्या घरांत भिंती दीड-दीड फुटी विटांच्या असतात. लाइनमन फायबर पुढच्या खिडकीतून आत आणतो आणि खिडकीशेजारीच राउटर ठोकून मोकळा होतो. टीव्ही असतो मधल्या खोलीत किंवा त्याही मागे. मधे एक जाड भिंत, तिला टेकून लोखंडी कपाट, कपाटाला आरसा. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान खरा, पण अशा दोन भिंतींपलीकडे तो फारसा उरत नाही. २.४ पोचतो, पण त्या पट्टीत एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. पोळीत, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्लीच्या वस्तीत, भिंतीला भिंत लागून घरं असतात आणि पंधरा-वीस राउटर त्या तीन चॅनेलांत दाटीवाटीने बसतात. वाय-फायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, बाकीचे थांबतात. शेजारच्या घरातला एखादा जुना फोन दुरून, कमी वेगाने काही उतरवत असेल तर तो तेवढा वेळ अडवून ठेवतो. रात्री नऊचा गोंधळ तो हाच.

मांजलपूर, गोत्रीकडच्या टेनामेंटमध्ये, म्हणजे छोट्या दुमजली घरांत, भिंती पातळ, पण टीव्ही वरच्या मजल्यावर आणि मधे सळयांचा स्लॅब. फ्लॅटमध्ये राउटर बहुधा दारामागच्या इलेक्ट्रिकच्या पेटीत किंवा टीव्हीच्या युनिटच्या बंद कप्प्यात कोंबलेला असतो. तिथून तो आधी बाहेर काढा. पेटी पत्र्याची असेल तर एवढ्यानेच काम होऊ शकतं.

फोनवर वाय-फाय ॲनालायझरसारखं एखादं फुकट ॲप घ्या आणि टीव्हीपाशी उभं राहून दोन गोष्टी टिपा: आपल्या राउटरचा सिग्नल किती डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) आणि आपल्या चॅनेलवर आणखी किती जण आहेत. आकडा उणे असतो. उणे ५० च्या आसपास उत्तम, उणे ६७ पर्यंत चालतं, उणे ७५ च्या खाली टीव्ही चालेल अशी आशा धरू नये. दर ३ डीबीला ताकद निम्मी होते, म्हणून उणे ६७ आणि उणे ७३ यांत फरक चौपट आहे. फोनचा अँटेना टीव्हीपेक्षा बरा असू शकतो आणि टीव्हीचा बहुधा पडद्याच्या मागे, भिंतीकडे तोंड करून असतो, तेव्हा फोनवर काठावरचा आकडा आला तर टीव्हीवर त्याहून वाईट समजा.

मग क्रमाने बदल करा. राउटर जमिनीपासून पाच-सहा फुटांवर, उघड्यावर, घराच्या मध्याकडे सरकवा. फायबरची पिवळी किंवा पांढरी बारीक वायर लांब हवी असेल तर लाइनमनकडूनच घ्या, स्वतः ओढू नका. कपाट, फिश टँक, पाण्याचं पिंप मधे नको. मायक्रोवेव्ह २.४ च्याच पट्टीत अडथळा आणतो, म्हणून राउटर स्वयंपाकघरापासून दूर ठेवा.

त्यानंतर राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकून) जाऊन दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं द्या, उदाहरणार्थ 'घर' आणि 'घर-५'. दोन्हींना एकच नाव असलं की टीव्ही बहुधा लांबवर ऐकू येणाऱ्या २.४ ला चिकटतो. राउटरच्या पानावर 'स्मार्ट कनेक्ट' किंवा 'बँड स्टिअरिंग' असेल तर ते बंद केल्याशिवाय नावं वेगळी होत नाहीत. टीव्हीला 'घर-५' वर जोडा आणि 'घर' हे नेटवर्क टीव्हीच्या यादीतून विसरायला लावा.

५ गिगाहर्ट्झचा चॅनेल ऑटोवर ठेवू नका. ३६, ४०, ४४, ४८ यांतला एक पक्का करा. ५२ ते १४४ हे चॅनेल रडारबरोबर वाटून घ्यायचे असतात. राउटरला रडारची चाहूल लागली की त्याला चॅनेल सोडावाच लागतो आणि पुन्हा अशाच चॅनेलवर जायचं तर मिनिटभर नुसतं ऐकत बसावं लागतं. तेवढ्यात टीव्ही तुटतो. शिवाय काही टीव्हींना हे मधले चॅनेल दिसतच नाहीत, काही जुन्यांना १४९ च्या पुढचेही दिसत नाहीत. "फोनला घर-५ दिसतं, टीव्हीला दिसत नाही" या तक्रारीचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

२.४ च राहणार असेल तर चॅनेल १, ६, ११ यांतला ज्यावर रात्री नऊला सर्वात कमी गर्दी असेल तो, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. ४० ठेवली तर कागदावर वेग दुप्पट दिसतो, पण गर्दीच्या पोळीत दुप्पट लोकांशी भांडण होतं. २० वर टीव्हीचा एकेरी अँटेना जास्तीत जास्त ७२ एमबीपीएसला जोडला जातो आणि हाती त्याच्या निम्मं येतं. मालिकेला तेवढं भरपूर आहे, हवा मोकळी मिळाली तर.

रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा) घ्यायचा विचार असेल तर थांबा. स्वस्त रिपीटर एकाच रेडिओने ऐकतो आणि त्यानेच पुढे बोलतो, म्हणून वेग निम्मा होतो. शिवाय लोक तो टीव्हीशेजारी लावतात, जिथे मुळात सिग्नलच नाही. तिथे त्याला पुढे द्यायला काय मिळणार? तो दोन खोल्यांच्या मधल्या दारात, राउटरचा सिग्नल उणे ६० च्या आसपास असेल तिथे लावायचा. पैसे घालायचेच असतील तर मेश (एकाच नेटवर्कसारखे मिळून काम करणारे वाय-फायचे डबे) घ्या आणि त्याचे दोन डबे वायरने जोडा. जाड भिंतींच्या वाड्यात वायरीशिवाय मेशही अर्धवट चालतो.

कायमची वायर टाकायची तर

वाड्यात टीव्ही एका जागी असतो आणि राउटरही. दोन अचल वस्तूंमध्ये हवेतून रोज रात्री झटापट करण्यापेक्षा वायर एकदाच टाकावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. खोल्या घरभर पसरलेल्या असल्या तरी अंतर २०-२५ मीटरच्या वर सहसा जात नाही आणि लॅन वायर १०० मीटरपर्यंत चालते.

वायर कॅट-५ई किंवा कॅट-६, पण आतली तार शुद्ध तांब्याची हवी. स्वस्त गुंडाळ्यांत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. त्या तारा वाकवताना आत मोडतात आणि वरून काही दिसत नाही. दुकानदाराला 'सीसीए नको' असं स्पष्ट सांगा आणि टोक चाकूने खरवडून बघा: तांबडं राहिलं तर तांबं, पांढरं निघालं तर परत द्या. भिंत फोडायची गरज नसते. दारावरच्या झरोक्यातून, तुळईच्या कडेने, खिडकीच्या चौकटीतून वायर नेता येते. विजेच्या वायरीला समांतर न्यायची वेळ आली तर वीतभर तरी अंतर ठेवा, ओलांडायची असेल तर काटकोनात ओलांडा.

टोकाला आरजे-४५ (लॅन वायरीचा प्लग) बसवताना दोन्हीकडे एकच क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कनेक्टरची जीभ खाली आणि सोनेरी दात वर धरून डावीकडून मोजायचं. सर्वात जास्त चूक तिसऱ्या आणि सहाव्या तारेत होते. लोक हिरवी जोडी शेजारी-शेजारी लावतात, कारण डोळ्याला तेच बरोबर वाटतं. पण पांढरा-हिरवा तिसरा आणि हिरवा सहावा, मधे निळी जोडी. चुकीने लावलेली वायर दोन मीटरवर चालूनही जाते आणि पंधरा मीटरवर पाकिटं, म्हणजे डेटाचे तुकडे, गाळते.

वायरवरही अडकतं तेव्हा

आता राउटरच्या दिव्यांकडे पाहा. 'पॉन'चा (फायबरच्या जोडणीचा) हिरवा दिवा स्थिर हवा. 'एलओएस'चा लाल दिवा विझलेला हवा. तो लुकलुकत असेल तर घरात प्रकाशच पोचत नाही आणि कंपनीला बोलवण्याशिवाय उपाय नाही. फायबरचं टोक काढून त्यात डोकावू नका. आतला प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण तो लेझर आहे.

दिवे ठीक, तरी दिवसातून दोन-चारदा सगळ्या घराचं नेट मिनिटभर जातं, असं असेल तर राउटरच्या पानावर 'स्टेटस'मध्ये 'पॉन' किंवा 'ऑप्टिकल'च्या खाली 'आरएक्स पॉवर', म्हणजे घरात पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, वाचा. हाही उणे आकडा. घरोघरच्या जीपॉन (फायबरच्या) डब्यांत सर्रास असलेला प्रकार उणे २७ डीबीएमपर्यंत ऐकू शकतो. उणे १५ ते उणे २४ असला की निश्चिंत. उणे २६ म्हणजे काठावर. प्रकाश कमी झाला म्हणून १०० चा वेग हळूहळू ६० होतो, असं फायबरमध्ये होत नाही. काठावर येईपर्यंत काही कळत नाही, मग पाकिटं हरवायला लागतात, मग एकदम तुटतं. म्हणून हा आकडा आज उणे २० असताना कुठेतरी लिहून ठेवा. पुढे उणे २५ दिसला की काहीतरी बिघडलंय हे लाइनमनच्या आधी तुम्हाला कळेल.

बडोद्यात या आकड्याचा मुख्य शत्रू जानेवारीत येतो. १४ आणि १५ जानेवारीला उत्तरायण आणि वासी उत्तरायण झालं की गच्च्यांवरून गेलेल्या फायबरीवर मांजा लोंबकळत असतो. पतंग सोडवायला कोणीतरी तो जोरात ओढतं आणि वायर खिळ्यापाशी किंवा कठड्याच्या कोपऱ्यावर दुमडते. आतली काच १२५ मायक्रॉनची, केसाएवढी. ती तुटली नाही तरी तीव्र वळणावर प्रकाश बाहेर गळतो. साध्या फायबरला ३ सेंटिमीटरपेक्षा लहान त्रिज्येचं वळण सोसत नाही. घरात वापरतात त्या वाकवता येणाऱ्या फायबरला १ सेंटिमीटरच्या आसपास चालतं. सणानंतर गच्चीवर जाऊन आपल्या वायरीवर नजर टाका आणि मांजा अडकलेला असेल तर ओढू नका, कात्रीने कापा. गणपतीच्या मिरवणुकीच्या रस्त्यावर घर असेल तर अनंत चतुर्दशीनंतरही एकदा पाहावं, कारण उंच मूर्तींसाठी आडव्या तारा वर उचलल्या जातात.

घराच्या आतही तीच काळजी. फायबर कपाटामागे चेपलेली, दारात सापडलेली, किंवा जास्तीची वायर रबरबँडने घट्ट गुंडाळलेली दिसते. ती बशीएवढ्या सैल वेटोळ्यात ठेवा. कनेक्टरचा रंगही पाहा. हिरवा हिरव्यातच जातो, निळा निळ्यात. हिरव्याचं टोक तिरपं घासलेलं असतं, निळ्याचं सपाट. घाईत एकमेकांत घातले तर ते बसतात, पण मधे फट राहून प्रकाश वाया जातो.

आरएक्स पॉवर ठीक, दिवे ठीक, वायर लावलेली, आणि तरीही फक्त रात्रीच वेग पडतो, तर एक गोष्ट घरातलीच तपासायची राहते: वर जाणारा (अपलोडचा) वेग. संध्याकाळी सगळे घरी आले की फोन वाय-फाय धरून दिवसभराचे फोटो-व्हिडिओ ढगात (क्लाउडवर) चढवायला लागतात. त्यात दाराचे कॅमेरे. १०८० चा एक कॅमेरा साधारण २ ते ४ एमबीपीएस वर पाठवतो. खाली येणाऱ्या प्रत्येक तुकड्याची पोच वर जावी लागते. वरची वाट तुंबली की पोच उशिरा जाते आणि खालची आवकही मंदावते, जरी खाली जागा मोकळी असली तरी. जुन्या केबल-नेटवर, जिथे वरचा वेग खालच्याच्या दहाव्या हिश्श्यावर असतो, हे फार होतं. परीक्षा सोपी आहे: चक्र फिरत असताना घरातल्या सगळ्या फोनांचं वाय-फाय बंद करा. दोन मिनिटांत चित्र सुधारलं तर बॅकअपची वेळ रात्री दोनची करा.

आणि मग उरतं ते गल्लीतलं. कंपनीकडच्या एका पॉन खाचेवर ३२ किंवा ६४ घरं असू शकतात आणि खाली येणारी २.४८८ जीबीपीएसची वाट सगळे वाटून घेतात. त्यापुढे स्थानिक ऑपरेटरने वरच्या कंपनीकडून किती घेतलंय, हेही रात्रीच उघडं पडतं. इथे तुमच्या हातात पुरावा आहे. सलग तीन दिवस, वायर लावलेल्या लॅपटॉपवर, दुपारी तीन आणि रात्री साडेनऊला फास्ट डॉट कॉम आणि दुसरी एखादी टेस्ट घ्या आणि वेळेसह फोटो ठेवा. महिन्याच्या वापराची मर्यादा संपली नाही ना, तेही ॲपमध्ये पाहा. अमर्याद म्हणवणाऱ्या अनेक प्लॅनांत ती ३३०० जीबी असते. फोर-केला तासाला सुमारे ७ जीबी लागतात, तेव्हा नुसत्या टीव्हीने ती संपायला ४७० तास लागतील. संपली असेल तर वेग दुपारीही पडलेला दिसेल.

टीव्ही किंवा ॲपचाच दोष असेल तर

ड्रॉप्डचा आकडा वाढत असेल तर टीव्हीची साठवण तपासा. ८ जीबीच्या टीव्हीत बरीचशी जागा सिस्टीमच घेते. न वापरलेली ॲप काढा, उरलेल्यांची कॅश पुसा. टीव्ही रिमोटने बंद केला की तो झोपतो, बंद होत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा भिंतीवरच्या बटणाने मिनिटभर बंद ठेवा.

काठी लावली असेल तर ती कशावर चालते ते बघा. टीव्हीच्या साध्या यूएसबी खाचेतून ०.५ अँपिअर मिळतो, काठीला बहुधा १ लागतो. मग ती मधेच स्वतःहून पुन्हा सुरू होते. सोबत आलेला अडॅप्टर भिंतीत लावा. काठीबरोबर मिळालेली छोटी एचडीएमआय वायरही वापरा, म्हणजे ती टीव्हीच्या पत्र्यामागून बाहेर येते आणि सिग्नल सुधारतो. फोनवरून स्क्रीन मिररिंग करत असाल तर तोच व्हिडिओ हवेतून दोनदा जातो. ॲप टीव्हीवरच उघडा.

एकच ॲप अडत असेल तर आधी टीव्हीची तारीख-वेळ पाहा. ती चुकली की सुरक्षित जोडणी नाकारली जाते आणि ॲप नेट नसल्याचं सांगतं. मग ॲप अद्ययावत करा, नाही जमलं तर काढून पुन्हा टाका. व्हीपीएन चालू असेल तर बंद करा.

चित्र अडकत नाही पण कायम पुसटच, ही वेगळी तक्रार आहे. नेटफ्लिक्सचा बेसिक प्लॅन ७२० वर थांबतो, स्टँडर्ड १०८० वर, फोर-के फक्त प्रीमियमला. प्लॅन बरोबर असूनही पुसट असेल आणि स्वस्त अँड्रॉइड डबा वापरत असाल, तर त्यात वाइडवाइन (चोरीपासून व्हिडिओ सांभाळणारं कुलूप) एल-१ दर्जाचं नसण्याची शक्यता मोठी. एल-३ असलेल्या डब्यावर बहुतेक सशुल्क ॲप ४८० च्या वर चित्र देत नाहीत आणि ते कोणत्याही सेटिंगने बदलत नाही. डबा घेण्याआधीच विचारायला हवं.

कंपनीकडे तक्रार करायची वेळ आली तर 'नेट स्लो आहे' एवढंच सांगू नका. सांगा की वायरवर मोजलंय, दुपारी इतके, रात्री साडेनऊला इतके, आरएक्स पॉवर इतकी, तीन दिवसांचे फोटो आहेत. डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) लिहून घ्या. मुदतीत निवारण झालं नाही तर त्याच नंबरावर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. लाइनमन आला की मीटर लावायला लावा आणि विचारा, "पावर केटलो आवे छे?" (पॉवर किती येतेय?) त्याने सांगितलेला आकडा तुमच्या लिहून ठेवलेल्या आकड्याशी तिथेच ताडून पाहा आणि जमलं तर त्याला रात्री नऊनंतरची वेळ द्यायला सांगा.